दुधाच्या हिशेबाशेजारी डोक्याचा हिशेब

नुसतं 'डोकं दुखतंय' म्हणून मराठी माणूस थांबत नाही. त्याचं डोकं ठणकतं, चढतं, भणभणतं, जड होतं, फुटायला येतं, आणि कधी नुसतंच धरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, मिरजगावपासून राशीनपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं तर यातली निम्मी तरी क्रियापदं कानावर पडतील. 'धरलंय' म्हणणाऱ्या बाईला आणखी थोडं बोलू दिलं की तिचे दोन्ही हात वर जातात. बोटं कपाळावर टेकतात आणि कानांवरून मागे मानेपर्यंत ओढत जातात. सगळीकडून आवळल्यासारखं होतंय, ती सांगते. डोक्यावर कुणी भरला हंडा ठेवून गेलंय आणि उतरवायला आलंच नाही, असं. काम मात्र थांबलेलं नसतं. भाकरी थापून झालेल्या असतात, शेळ्यांना पाला टाकून झालेला असतो. डोकं सकाळपासून धरलेलं ते धरलेलंच असतं.

तो शब्द आणि हातांची ती हालचाल, एवढ्यात बरंचसं निदान झालेलं असतं. वैद्यकात या दुखण्याला 'टेन्शन-टाइप हेडेक' म्हणतात, म्हणजे ताणाची डोकेदुखी. डोकेदुखीच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत जास्त आढळणारा. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो की दर शंभरातल्या साधारण २६ माणसांना हा त्रास होतो. अर्धशिशीचं प्रमाण १४ आहे. भारतात २०१९ साली अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असलेली माणसं ४८ कोटी ८० लाख होती. शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन २,३२९ लोकांना विचारलं. वर्षभरात डोकं दुखलेले लोक निघाले जवळपास ६४ टक्के, आणि ताणाची डोकेदुखी असलेले विचारलेल्या एकूण लोकांच्या ३५ टक्के. डोकेदुखी हा शहरातल्या, संगणकासमोर बसणाऱ्यांचा आजार, या समजुतीलाही त्या पाहणीने धक्का दिला. त्रास खेड्यांत जास्त निघाला.

एवढं सर्वत्र असूनही या दुखण्याला मान नाही. त्याने माणूस मरत नाही, अंथरुणही सहसा धरत नाही, म्हणून घरात त्याची दखल घेतली जात नाही. "तुझं रोजचंच आहे" हे वाक्य किती घरांत किती बायकांनी ऐकलं असेल! पण रोजचंच आहे, हीच तर काळजीची गोष्ट आहे.

'ताण' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राबतो. दोराला ताण बसतो आणि कर्जाचाही ताण येतो. डॉक्टरांचाही या दोन अर्थांमध्ये बराच काळ गोंधळ होता. १९६२ साली अमेरिकी तज्ज्ञांच्या समितीने हे दुखणं स्नायूंच्या आकुंचनातून येतं असं धरून त्याला तसंच नाव दिलं. पुढे स्नायू प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा दुखणं असूनही ते आखडलेले नाहीत असे रुग्ण पुष्कळ भेटले. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने पहिलं वर्गीकरण केलं आणि 'टेन्शन'ला 'टाइप' जोडलं. ताणासारखी वाटणारी, त्या प्रकारची डोकेदुखी. मनाचा ताण की मानेचा, हा वाद त्या एका शब्दात प्रामाणिकपणे उघडा ठेवला आहे. म्हणूनच "तुम्ही टेन्शन घेता म्हणून दुखतं" असं रुग्णाला ऐकवणं अर्धवट आहे आणि दुखावणारंही. माणूस शांत, समाधानी असला तरी त्याचं डोकं धरू शकतं.

ओळखायची कशी? याच संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणाप्रमाणे हे दुखणं अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकतं. ते बहुधा दोन्ही बाजूंना असतं, दाबल्या-आवळल्यासारखं असतं, सौम्य ते मध्यम असतं, आणि चालल्याने किंवा जिना चढल्याने वाढत नाही. या चारांपैकी दोन खुणा तरी हव्यात. उलटी होत नाही. उजेड किंवा आवाज यांतलं एखादं नकोसं वाटेल, दोन्ही नाही.

अर्धशिशीचा तोंडवळा वेगळा. ती बहुतेकदा एका बाजूला घाव घातल्यासारखी ठणकते, उठून चाललं की वाढते, मळमळ आणते, आणि माणसाला अंधाऱ्या खोलीत गप्प पडायला लावते. आपल्याकडे तिला पुष्कळदा 'पित्त' म्हणतात. "पित्त झालं, उलटी पडली की डोकं उतरतं" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांना खरं तर अर्धशिशी असते, आणि वर्षानुवर्षं ते आम्लपित्ताच्या गोळ्या खात राहतात. न्हाल्यावर डोकं चढतं ही तक्रारही अशीच. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांत डोक्यावरून आंघोळ केल्याने अर्धशिशी उठते हे नोंदवलं आणि २००६ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. पाश्चात्त्य पुस्तकांत नसलेलं एक कारण आपल्या न्हाणीघरांतून असं जगापुढे गेलं. फरक लक्षात घ्यायचा तो एवढ्यासाठी की अर्धशिशीची औषधं वेगळी आहेत. एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात, हेही विसरायला नको.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ती त्याची आवरणं, रक्तवाहिन्या आणि कवटीवरचे, मानेचे स्नायू. ताणाच्या डोकेदुखीची तपासणी बोटांनी होते. डॉक्टर तर्जनी आणि मधलं बोट कपाळावर टेकवतात, जोर देऊन लहान लहान गोल फिरवतात. मग कानशिलं, मग जबड्याचा स्नायू, मग कवटी जिथे मानेवर बसते ती कड, आणि शेवटी मान व खांद्यामधला मांसल भाग. तिथे बोट पोचलं की रुग्ण अंग चोरतो आणि "हां, इथंच!" म्हणतो. या दुखण्यात सगळ्यात जास्त सापडणारी खूण म्हणजे हा हळवेपणा. दुखणं वारंवार होत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटाही हळव्या होतात. वस्तीवरच्या कुत्र्याने चार रात्री चोराची चाहूल घेतली की पाचव्या रात्री ते वाळल्या पानावरही भुंकतं. तसं मग साध्या ताणालाही डोकं बोलायला लागतं. जुनाट दुखण्यात स्नायूंइतकाच या वाटांचा भाग असतो, आणि म्हणून नुसत्या मालिशीने ते मुळापासून जात नाही.

दुखणं सुरू करणाऱ्या गोष्टी सगळीकडे सारख्या: अपुरी झोप, चुकलेलं जेवण, अवघडलेली मान, मनावरचं ओझं. फक्त त्या गोष्टींना गावागावाचा रंग असतो. कर्जत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, अवर्षणाचा तालुका. कुकडीच्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणं आणि टँकरची वाट पाहणं इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं. शेतीला थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी लागली की शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, पिकाला पाणी देत दारं धरतो, पहाटे परततो, आणि सातला धारा काढायला उठलेला असतो. आठवडाभर अशी झोप मोडल्यावर डोकं धरलं तर त्यात नवल काय? उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून वाहणाऱ्या बाया, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे तोडकामगार, अभ्यासिकेत मान खाली घालून दहा दहा तास स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचणारी पोरं. मानेची दमणूक प्रत्येकाची वेगळी, पण दुखतं त्याच कडेला.

उपवासाचंही तसंच. किमान आठ तास पोटात अन्न नसताना सुरू झालेल्या डोकेदुखीला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःची जागा आहे. राशीनच्या देवीच्या नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणाऱ्या कुणालाही ती वर्गीकरण न वाचता माहीत असते. भरपूर चहा पिणाऱ्याने चहा एकदम सोडला तर चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं, हेही तिथे नोंदलेलं आहे. अशांनी चहा सोडायचा असला तरी एकेक कप कमी करत जावा.

आता गोळीकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण या साध्या दुखण्याचं जुनाट दुखणं बहुतेकदा इथेच होतं.

अधूनमधून डोकं धरणाऱ्याला गोळी घ्यायला काहीच हरकत नाही. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉलचा पूर्ण डोस, म्हणजे एका वेळी १००० मिलिग्रॅम, किंवा जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. यकृताचा आजार किंवा दारूचं व्यसन असेल तर पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण, दमा किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखत असेल तर डेंगीची शक्यता मनात ठेवून आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावं. सुईची गरज या दुखण्याला नसते. "एक इंजेक्शन द्या, लगेच उतरेल" असा हट्ट रुग्ण धरतात, आणि त्यापुढे नमणारे डॉक्टरही आहेत; त्यातून रुग्णाच्या हाती काही लागत नाही.

बिघडतं ते दिवसांच्या संख्येत. किराणा दुकानात बरणीशेजारी पाकीट असतं, गोळी सुटी मिळते, चहाबरोबर घेतली की तासाभरात बरं वाटतं. पुढच्या आठवड्यात दोन, मग दिवसाआड, मग उठल्याबरोबर. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली गेली, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मिश्र गोळ्यांची मर्यादा आणखी खाली आहे, महिन्यात १० दिवस. सॅरिडॉनसारखी घराघरांत पोचलेली गोळी मिश्रच आहे; तिच्यात पॅरासिटामॉल, प्रॉपिफेनाझोन आणि कॅफिन अशी तीन द्रव्यं असतात. या चक्रात सापडलेला माणूस सांगतो, "गोळी घेतली नाही की डोकं दुखतं." त्याचं म्हणणं अक्षरशः खरं असतं, फक्त त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो.

बाहेर यायची वाट गोळी थांबवण्याची आहे. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात. डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. घरच्यांनी त्या दिवसांत सांभाळून घेतलं तर पुढचे आठवडे सुधारत जातात, आणि दोनेक महिन्यांत मूळ दुखणं किती होतं ते उघडं पडतं. झोपेच्या किंवा अफूवर्गातल्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बामची गोष्ट निराळी आणि जरा लोभस. अमृतांजन जन्मलं ते मुंबईत, १८९३ साली. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू या तेलुगू गृहस्थांनी ते काढलं. पुढे त्याची जाहिरात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात अशी झळकली की तिथल्या ब्रिटिशकालीन पुलालाच 'अमृतांजन पूल' म्हणू लागले. ५ एप्रिल २०२० ला तो पूल पाडला, नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कपाळावर असं काही चोळण्याला शास्त्राचा आधार आहे का? थोडा आहे. जर्मनीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्कोहोलमध्ये मिसळलेलं १० टक्के पुदिन्याचं तेल कपाळाला आणि कानशिलांना लावलं, तेव्हा त्याने ताणाच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमइतकाच आराम दिला. तेव्हा संध्याकाळी बाम चोळून, डोक्याला फडकं बांधून अर्धा तास पडणाऱ्या आजीला कुणी हसू नये. तिचा उपाय गोळ्यांच्या हिशेबात तरी भर घालत नाही.

महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांवर डोकं दुखत असेल तर ते जुनाट समजतात. तिथे दुखल्यावर गोळी ही पद्धत चालत नाही, दुखणं येऊच नये म्हणून औषध लागतं. सगळ्यांत जुनं आणि पारखलेलं औषध ॲमिट्रिप्टिलिन. ऑस्ट्रेलियातले लान्स आणि कुरन यांनी १९६४ साली त्याचा उपयोग दाखवला. रात्री झोपण्यापूर्वी, सुरुवात १० मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेपासून. अडचण येते ती औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवर शोधल्यावर. ही तर डिप्रेशनची गोळी, मला काय वेडी समजतात का, असं म्हणून पाकीट कपाटात जातं. नैराश्यासाठी ही गोळी कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. इथे तिचं काम वेदनेच्या हळव्या वाटा शांत करण्याचं आहे. हे वाक्य औषध लिहिताना डॉक्टरांनी बोललंच पाहिजे. तोंडाला कोरड पडते, सकाळी थोडी गुंगी राहते, पोट साफ होत नाही; परिणाम दिसायला काही आठवडे जातात. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायला हवं, आणि गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवायला हव्यात.

औषधाला जोड मिळाली तर फरक केवढा पडतो, हे अमेरिकेतल्या एका चाचणीने २००१ साली दाखवलं. जुनाट ताणाची डोकेदुखी असलेल्या २०३ माणसांचे चार गट केले. खोटी गोळी घेणाऱ्यांत २९ टक्क्यांचं दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालं, नुसत्या औषधाने ३८ टक्क्यांचं, नुसतं ताण हाताळायला शिकवल्याने ३५ टक्क्यांचं. दोन्ही एकत्र मिळालेल्यांत हा आकडा ६४ झाला. शिकवलं काय? अंग एकेक करून सैल सोडणं, आवळलेले दात ओळखणं, मनात फिरणाऱ्या काळजीचे लहान तुकडे करणं. यासाठी यंत्र लागत नाही, शांतपणे शिकवणारा माणूस लागतो. मानेचे व्यायामही असेच: हनुवटी सरळ मागे घेऊन पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची, दहा वेळा, खांदे कानांपर्यंत उचलून सैल सोडायचे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि रोजचं अर्ध्या तासाचं भरभर चालणंही यात येतं. शेतात दिवसभर चालणं होतं, वेगळं कशाला, असं विचारतात. ओझं घेऊन वाकत चालणं आणि हात मोकळे सोडून चालणं मानेला सारखं नसतं.

कर्जतला लागूनच जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि फारशा न शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना शिकवून गावाच्या आरोग्याची धुरा त्यांच्या हाती दिली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ताणाच्या डोकेदुखीला ती वाट शोभते. ऐकून घेणं, शब्द ओळखणं, गोळ्या मोजणं, व्यायाम दाखवणं, यातलं बरंच काही गावातली आशाताई शिकून करू शकेल. मनावरचं ओझं कुणाजवळ तरी उतरवायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

डोक्यात गाठ असेल का, ही भीती बहुतेकांच्या मनात असते आणि त्यापायी नगर-पुण्याच्या खेपा होतात. खुणा ताणाच्या डोकेदुखीच्या आणि तपासणी नीट असेल, तर स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता फार कमी. पण काही खुणा दिसल्या तर वेळ घालवायचा नाही. क्षणात विजेसारखं उठलेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं. ताप आणि ताठलेली मान. हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, झटका येणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं किंवा खोकल्याने, आडवं पडल्याने वाढणारं दुखणं. गर्भारपणात सुरू झालेलं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं, त्यातही चावताना जबडा दुखत असेल किंवा दिसायला कमी होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.

बाकी सगळ्यांसाठी पहिलं साधन घरातच भिंतीला टांगलेलं आहे. १९७३ पासून निघणारं कालनिर्णय मराठी घरात तिथीसाठी जितकं पाहिलं जातं, तितकंच हिशेबासाठी वापरलं जातं. एकेका चौकटीत दुधाचे रतीब, गॅस लावल्याची तारीख, गाय दाखवल्याचा दिवस, भिशीचा हप्ता. त्याच चौकटीत डोकं धरल्याच्या दिवशी फुली मारावी आणि गोळी घेतली त्या दिवशी शेजारी गोल काढावा. रात्री दारं धरायला गेलेल्या दिवसाखाली एक रेघ, उपासाच्या दिवशी टिंब. पेन तिथे दोरीला बांधलेलं असतंच. या आजारातल्या सगळ्या मर्यादा दिवसांत मोजलेल्या आहेत, आणि "कधीमधी दुखतं" असं सांगणाऱ्याच्या पानावर महिनाअखेर १९ फुल्या निघाल्या की त्याला स्वतःलाही खरं वाटत नाही.

चार फुल्या, दोन गोल अशा पानाला झोप-जेवणाची शिस्त आणि मानेचा व्यायाम पुष्कळ झाला. २० फुल्या आणि १८ गोल असतील तर बोलणं गोळ्यांपासून सुरू होईल, आणि ॲमिट्रिप्टिलिनचा विषय निघेल. दवाखान्यात जाताना ते पान मोबाइलवर फोटो काढून न्यावं. मागच्या महिन्याचंही सोबत असलं तर आणखी बरं.